मागचा ब्रेक

"मंदा, त्ये गोणपाट हांतर हितं आन बस," आप्पा म्हणाले.

मी अंगणात गोणपाट अंथरलं. आप्पांनी मोटरसायकल मधल्या स्टँडवर चढवली. मागचं चाक जमिनीपासून थोडं वर उचललं गेलं आणि आपलं आपण जरासं फिरून थांबलं. आम्ही दोघंही त्याच्याकडे बघत राहिलो.

एरवी सासऱ्यांसमोर मी अशी मांडी घालून बसले नसते. डोक्यावरचा पदर सावरत त्यांना नट खोलायचे पाने देणं तर लांबची गोष्ट. पण त्या दिवसांत मला कुणी ऊठ म्हटलं की मी उठत होते, बस म्हटलं की बसत होते. तोंडात घास घातला की तो चावायचा असतो, हेही आठवावं लागायचं. हणमंत जाऊन महिना होत आला होता आणि मी एकदाही रडले नव्हते. गल्लीतल्या बायका भेटायला यायच्या, गळ्यात पडायच्या, आणि माझा पदर कोरडा बघून एकमेकींकडे बघायच्या.

मी त्याला हणमंत म्हणते याचं नवल वाटून घेऊ नका. तेव्हा नाव घेत नव्हते, 'हे' म्हणायचे. पण तो तिशीत गेला आणि मी आता साठीला आले. माझा मुलगा असता तर एवढा असता. आता त्याला अहोजाहो करणं जमत नाही.

गाडी त्याच आठवड्यात पोलीस ठाण्यातून टेम्पोत घालून आणली होती. जुनी, दुसऱ्याच्या हातची घेतलेली. हँडल वळलेलं, पुढचा दिवा फुटलेला, पुढची रिम दबलेली. उजव्या हँडलला, मुठीपुढच्या दांडीला, त्याची डब्याची पिशवी तशीच अडकलेली होती. डबा पोलिसांनी आधीच काढून दिला होता. पिशवी सोडवून घ्यायचं कुणालाच सुचलं नव्हतं.

ती पिशवी तिथेच असायची. लग्नानंतर पहिल्यांदा मी त्याच्या मागे बसले, तेव्हा खांद्यावरून वाकून विचारलं होतं, "ही दांडी कशाची असते?"

"पिशवी अडकवायची," तो म्हणाला आणि मोठ्याने हसला. त्या वेळी तो पुष्कळ हसायचा.

आमचं गाव पाटणच्या बाजूचं, घाटमाथ्याजवळ. हणमंतचं पाटणला मोटर वाइंडिंगचं दुकान होतं. विहिरीवरच्या मोटरी जळल्या की लोक त्याच्याकडे आणायचे. समोरच दुसरं मोठं दुकान आलं आणि त्याच्याकडची गिऱ्हाइकं हळूहळू तिकडे गेली. त्याचं हसणं कमी झालं, मग बोलणंही. त्या दिवशी कॅरिअरवर एक दुरुस्त केलेली मोटर बांधून तो घाटाखाली एका बागेत पोचवायला निघाला होता. खालून येणाऱ्या एका ट्रकवाल्याने पाहिलं. तो म्हणाला, गाडी सरळ आली आणि कठड्यावर गेली. गाडी दगडांत अडकून वरच राहिली. हणमंत पलीकडे गेला.

एवढंच असतं तर अपघात म्हणून सोडलं असतं लोकांनी. पण हवालदार आमच्या ओसरीवर बसून, चहाचा कप हातात घेऊन, सगळ्यांसमोर म्हणाला, "रस्त्यावर घासल्याची एक खूण नाही बघा. माणसानं ब्रेक मारला तर टायरचा पट्टा उमटतो. यानं ब्रेक मारलेलाच नाही."

झालं. मग लोकांना सगळं आठवायला लागलं. दुकान बसलं होतं. बोलत नव्हता. आणि त्या दिवशी तो घड्याळ घरी ठेवून गेला होता. घड्याळाचा पट्टा तुटला होता म्हणून ठेवून गेला होता, पण मी हे सांगितलं तेव्हा शेजारच्या चंद्राकाकूंनी नुसती मान हलवली. त्याने आधीच ठरवलं होतं, असा त्या मान हलवण्याचा अर्थ होता.

सासूबाईंनी, म्हणजे आत्याबाईंनी, मला एकदाच विचारलं. चुलीपाशी, माझ्याकडे न बघता.

"तुमचं दोगांचं काय बिनसलं व्हतं का गं?"

"नाही, आत्याबाई."

"मग असं का केलं त्येनं?"

त्यानंतर त्या माझ्याशी कामापुरतंच बोलत. त्यांचं चुकत होतं असंही मला वाटत नसे. माणूस स्वतःहून गेला असेल तर त्याला घरात धरून ठेवायला माझ्यात काहीच नव्हतं, एवढाच त्याचा अर्थ होता, आणि तो मलाही कळत होता. मला रोज उठल्यापासून एकच प्रश्न पडायचा. त्याने ब्रेक दाबला होता की नाही? दाबला असेल तर मी विधवा होते. नसेल तर मी टाकलेली बाई होते. आणि हे मला कधीच कळणार नाही असं मी धरून चालले होते.

गाडी आप्पांच्या भाच्याला, कऱ्हाडच्या बाजीरावला हवी होती. आत्याबाई म्हणाल्या, "न्या बाबा, माझ्या डोळ्यांम्होरनं एकदा न्या ती." पण आप्पा अडून बसले. ब्रेक बघितल्याशिवाय गाडी देणार नाही म्हणाले. आप्पा एसटीत ड्रायव्हर होते. उभं आयुष्य घाटात काढलं, आणि त्यांच्या हातून एकदाही गाडी खरचटली नाही, हे ते स्वतः कधी सांगत नसत, पण गावात सगळ्यांना माहीत होतं. एकदाच काय ते पडले होते, तेही तरुणपणी, कुणाच्या तरी मोटरसायकलवरून, तोंडावर. हनुवटीला त्याचा पांढरा वण होता.

"मागला ब्रेक कमी लागतोय म्हनायचा त्यो," आप्पा म्हणाले. ते मागच्या चाकापाशी उकिडवे बसले होते. "ह्यो बघ. नट पार शेवटाला आणलाय. आवळायला आटे ऱ्हायले न्हाईत म्होरं."

ब्रेकची लांब सळई मागे येते, तिच्या टोकाला तो नट असतो. नट खरंच सळईच्या शेवटी जाऊन बसला होता.

"म्हणजे ब्रेक होता की नव्हता?" मी विचारलं.

आप्पांनी माझ्याकडे पाहिलं. महिन्याभरात मी स्वतःहून विचारलेला तो पहिलाच प्रश्न असावा.

"चाक खोलल्याबिगर कसं कळंल?" ते म्हणाले. "सतरा नंबरचा पाना दे."

मी पाना दिला. त्यांनी नट सोडवला, सळई मोकळी केली, एक्सल ठोकून बाहेर काढला. चेन दातऱ्यांवरून उतरवायला मी चाक पुढे ढकलून धरलं. चाक बाहेर आलं. त्याच्या पोटातली गोल झाकणासारखी प्लेट आप्पांनी अंगठ्यांनी दाबून सोडवली. काळी भुकटी गोणपाटावर सांडली आणि एक वास आला. करपलेला, उग्र, केस जळल्यावर येतो तसा.

आप्पा थांबले. प्लेट त्यांनी नाकाजवळ नेली, मग खाली धरली.

"काय झालं, आप्पा?"

"ह्यो वास वळखतो मी."

"कसला?"

"भरली गाडी घेऊन नवीन ड्रायव्हर घाट उतरला की येतो. मागं बसलेली मानसं नाकाला फडकी लावत्यात." त्यांनी प्लेट माझ्यासमोर केली. तिच्यावर, ब्रेक दाबला की चाकाला आतून घासून ते अडवणारे, अर्धगोलाकार दोन शू बसवलेले होते. "हात फिरीव ह्येच्यावरनं. भिऊ नगो."

मी बोट फिरवलं. खरखरीत लागायला हवं होतं म्हणे. ते काचेसारखं गुळगुळीत होतं. काळं, चकाकणारं, मधेमधे बारीक भेगा गेलेलं. मग त्यांनी चाकाच्या पोटातलं लोखंड दाखवलं. आत चौफेर निळसर पट्टा उमटला होता.

"लोखंड तापल्याबिगर असं निळं पडत न्हाय," आप्पा सावकाश म्हणाले. "मागं मोटर बांधलेली, जड. घाटाच्या तोंडापासनं त्येनं पाय ब्रेकवर ठेवला. सोडलाच न्हाय. शू तापला, करपला, काच झाली त्येची. मग किती बी दाबा. चाक अडत न्हाय."

"म्हणून रस्त्यावर खूण नाही?"

"चाक आडलं तर खूण पडंल. चाक फिरतच ऱ्हायलं, तर खूण कशाची पडनार?"

मला ते कळलं होतं. तरी मी पुन्हा विचारलं. कुणीतरी शब्दांत सांगायला हवं होतं.

"म्हणजे ह्यांनी ब्रेक दाबला होता."

"वरनं खालपत्तोर दाबला व्हता, पोरी. शेवटपत्तोर."

मला वाटलं होतं, असं काही कळलं तर माझ्या आत काहीतरी फुटेल. काही फुटलं नाही. बोटावरची काळी भुकटी मी गोणपाटाला पुसली. पण मी उठून उभी राहिले, आणि ऊठ म्हणून मला कुणी सांगितलं नव्हतं.

"आत्याबाईंना सांगते."

"थांब," आप्पा म्हणाले. "म्होरलं चाक ऱ्हायलंय."

"त्याचं काय?"

"रिम ठोकून घ्याला कऱ्हाडला न्यायची हाय. आतलं काढून ठेवाय पायजे."

ते हे म्हणाले तेव्हा त्यांचा आवाज नेहमीचाच होता. पण हँडलची ती पिशवी सोडवताना त्यांना गाठ सुटेना. मी पुढे होऊन सोडवली. पिशवी घडी करून ओट्यावर ठेवली.

पुढचं चाक काढायला वेळ लागला, कारण ते वाकलं होतं. प्लेट निघाली तेव्हा भुकटी सांडली नाही. वासही आला नाही. आतले दोन शू जाड होते, करड्या रंगाचे, खरखरीत. कारखान्यातून येताना त्यांच्यावर मारलेला पिवळ्या रंगाचा ठिपका अजून तसाच होता.

"हा तर नवाच आहे," मी म्हणाले.

आप्पांनी प्लेट हातात फिरवली.

"मागचा एवढा झिजलेला, आणि हा नवा? हा कधी बदलला होता?"

"गाडी घेतली तवा. दोनी संगंच टाकलं व्हतं."

"मग?"

त्यांनी प्लेट मांडीवर घेतली. अंगठा त्या पिवळ्या ठिपक्यावर ठेवला. दुसऱ्या हाताने ते हनुवटीचा वण चोळत होते. ते असं करतात हे मी कितीतरी वेळा पाहिलं होतं.

"ह्यो दाबला असता तर गाडी थांबली असती," ते म्हणाले. "मागला गेला असता तरी थांबली असती."

"मग दाबला का नाही ह्यांनी?"

"मी सांगितलं व्हतं."

ते अंगणाकडे बघत बोलत होते, माझ्याकडे नाही.

"मिशी बी फुटली नव्हती त्येला, तवा शिकीवली मी गाडी. पयल्या दिशी सांगितलं, म्होरल्या ब्रेकला हात लावायचा न्हाय. लावलास तर उलटा हुशील, तोंडावर पडशील माझ्यागत. तरी एकदा लावला त्येनं. मी हातावर फटका मारला. तवापासनं बोटं मुठीच्या वर कधी गेली न्हाईत त्येची. पिशवी अडकवाय लागला त्या दांडीला." ते थांबले. "एसटीला कुठं असतं म्होरलं-मागलं? एक पाय दिला की समदी चाकं आडत्यात. दोन चाकाच्या गाडीतलं मला काय कळत व्हतं? एकदा पडलो, त्येच खरं धरून बसलो."

मी उभीच होते. लांब कुठेतरी पिठाच्या गिरणीचा पट्टा फटफटत होता.

"लोक म्हनत्यात त्येनं कुणाचा इचार केला न्हाय," आप्पा म्हणाले. "शेवटपत्तोर माझं ऐकलं गं त्येनं. म्होरं कठडा दिसत असताना बी ऐकलं."

त्यांच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. आम्ही दोघंही त्या दिवसांत एकाच जातीचे झालो होतो. त्यांनी प्लेट गोणपाटावर ठेवली, शू वरच्या बाजूला करून, नीट, आणि म्हणाले, "जा. सांग तिला. दोनी सांग."

मी आत गेले. आत्याबाई भाकरी थापत होत्या. मी उंबऱ्याच्या आत उभी राहिले.

"आत्याबाई, ह्यांनी ब्रेक दाबला होता."

त्यांचा हात परातीत थांबला.

"चाक खोललं आम्ही. मागचा ब्रेक आतून पार जळालाय. घाटाच्या वरून खालपर्यंत पाय ब्रेकवरच होता ह्यांचा. त्यांना थांबायचं होतं, आत्याबाई. स्वतःहून नाही गेले."

त्यांनी मान वर केली. महिन्याभरात पहिल्यांदा त्यांनी माझ्या तोंडाकडे सरळ बघितलं.

"कोन म्हनतं?"

"आप्पा. त्यांनीच दाखवलं."

तव्यावरची भाकरी करपायला लागली होती. ती उलटायची हे दोघींनाही सुचलं नाही. मग त्यांनी विचारलं, आई विचारील तेच.

"मग थांबली का न्हाय गाडी?"

दारातून मला अंगण दिसत होतं. आप्पा गोणपाटावर पाठमोरे बसले होते. हातात पॉलिश पेपर होता, पण हात हलत नव्हता. ते ऐकत होते. ते माझ्या उत्तराची वाट बघत होते, आणि ते जे काही असेल ते सोसायची तयारी करून बसले होते.

ती दोघं एका घरात राहणार होती. अजून कितीतरी वर्षं, एका चुलीवरचं खाऊन. मला हे सगळं विचार करून सुचलं असं नाही. माझं डोकं तेव्हा चालतच नव्हतं. तोंडातून जे आलं ते आलं.

"जुनी गाडी होती, आत्याबाई. ब्रेक जळाल्यावर कशी थांबणार?"

आत्याबाईंनी पिठाचे हात तोंडावर घेतले आणि त्या रडायला लागल्या. आधीही त्या रडत, पण ते दबून, चोरून, काही लपवल्यासारखं असायचं. हे मोकळं होतं. त्यांनी मला जवळ ओढलं. माझ्या केसांना, पदराला सगळीकडे पीठ लागलं. "माझं लेकरू थांबाय बघत व्हतं गं," त्या म्हणत राहिल्या. मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिले आणि चुलीतलं लाकूड पायाने आत सारलं.

दुपारी त्या तशाच बाहेर पडल्या. हणमंत गेल्यापासून पहिल्यांदाच. नळावर, देवळाच्या पारावर, चंद्राकाकूंच्या दारात जाऊन त्यांनी एकच सांगितलं, "माझ्या पोरानं ब्रेक दाबला व्हता. चाक खोलून बगा ज्येला बगायचं त्येनं." चंद्राकाकू खरंच येऊन बघून गेल्या. नाकाला पदर लावून त्या मागच्या शूजवळ वाकल्या, मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "घड्याळाचा पट्टा तुटला व्हता म्हनत व्हतीस तू." मी हो म्हटलं. तेवढ्याने गावाचं समाधान झालं.

पुढची प्लेट तोवर आप्पांनी फडक्यात गुंडाळून ठेवली होती.

संध्याकाळी मी त्यांना चहा दिला.

"समदं न्हाय सांगितलंस?" त्यांनी विचारलं.

"त्यांनी विचारलं तेवढं सांगितलं."

त्यांनी चहा बशीत ओतला. थोडा धोतरावर सांडला. त्यांनी तो पुसला नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मागच्या चाकाचं काम पुरं केलं. पाटणहून नवे शू आणले. चाकाच्या पोटातून पॉलिश पेपर फिरवला, निळा पट्टा जाईपर्यंत. शू उघडणारी खुंटी रॉकेलने धुतली आणि तिला ग्रीस लावलं, अगदी चिमूटभर. "शूला लागू देऊ नगो," म्हणाले, "आधी हात धुवून ये." मी धुवून आले आणि नवे शू मीच बसवले, कारण स्प्रिंग ओढून धरायला दोन माणसं लागत होती. चाक चढवलं, सळई जोडली. नट थोडा थोडा आवळत ते दर वेळी चाक हाताने फिरवून बघत. मोकळं फिरलं पाहिजे, आणि पायाने जरासं दाबलं की अडलं पाहिजे. शेवटी मला दाबायला लावलं. चाक जागच्या जागी थांबलं.

"झाला," ते म्हणाले. पण त्यांचं लक्ष पुढच्या मोकळ्या चिमट्याकडे होतं, जिथे चाक नव्हतं.

बाजीराव आला तेव्हा आप्पांनी गाडी दिली नाही. कारणही सांगितलं नाही. गाडी गोठ्याच्या कडेला पोत्याखाली उभी राहिली. पावसाळा गेला, तोवर आप्पांनी रिम ठोकून आणून पुढचं चाक बसवलं आणि हँडल सरळ केलं. मला पलीकडच्या वाडीतल्या अंगणवाडीत काम लागलं, वाट लांबची, एसटी वेळेवर नाही. एका सकाळी आप्पांनी पोतं काढलं आणि म्हणाले, "मंदा चालवंल गाडी." आत्याबाई "आता बाई!" म्हणाल्या. गाव हसलं. मला हसूही आलं नाही आणि लाजही वाटली नाही. चालव म्हटलं, म्हणून चालवायला गेले.

शाळेमागच्या माळावर त्यांनी मला शिकवली. साडीचा काचा मारून मी पुढे, ते मागे. क्लच, गिअर, सगळं आलं. मग एक दिवस त्यांनी गाडी उतारावर न्यायला लावली. फार मोठा उतार नव्हता, पण खाली शाळेची दगडी भिंत होती.

"सोड," ते मागून म्हणाले.

गाडी सुटली. भिंत जवळ यायला लागली. माझा पाय मागच्या ब्रेकवर गेला.

"पाय नगो! हातानं. म्होरला."

माझी बोटं मुठीवर घट्ट मिटलेली होती. ती वर जाईनात. मग मागून त्यांचा हात आला, म्हातारा, खरबरीत, माझ्या हातावरून पुढे. त्याने माझी बोटं एकेक करून उचलली आणि त्या दांडीवर ठेवली.

"दाब, मंदा. पडू दे पडलो तर. दाब!"

मी दाबलं. गाडीने पुढून जरासं वाकल्यासारखं केलं आणि ती थांबली. उलटली नाही, घसरली नाही. भिंत अजून चांगली लांब होती.

"एवढंच?" मी विचारलं.

आप्पांनी माझ्या हातावरचा हात काढून घेतला.

"व्हय," ते म्हणाले. "येवढंच."

मग मी रडले. हणमंत गेल्यापासून पहिल्यांदा, हँडलवर डोकं टेकून, शाळेतली पोरं खिडकीतून बघत असताना. आप्पा उतरून बाजूला आले आणि त्यांनी दोन्ही हातांनी गाडी धरून ठेवली, कारण माझे पाय जमिनीला पुरत नव्हते.